दहा राग, एक डिस्को ठेका आणि विसरलेली एलपी

हेडफोन जवळ आहेत ना? मग एक प्रयोग करू या. रात्रभर टेक्नो ऐकणारा एखादा मित्र पकडा. त्याला एक ट्रॅक ऐकवा आणि विचारा, हे कुठलं आणि कधीचं असेल? मी हा प्रयोग आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चौघांवर केला. पहिला म्हणाला, बर्लिन, २०१४. दुसरी म्हणाली, लंडन, नव्वदचं दशक. तिसऱ्याला ते गोव्यातलं सायट्रान्स वाटलं. चौथा वडापावचा घास गिळून म्हणाला, 'एआयने केलंय, दुसरं काय!'

खरं उत्तर आहे मुंबई, १९८२.

अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजित सिंग. रेकॉर्डिंग १९८२चं, पुढच्या वर्षी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एलपी बाजारात आणली. एका बाजूला भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा. गाणारं कुणी नाही, तबला नाही, सतार नाही. नुसती यंत्रं. रेकॉर्ड खपली नाही, दुकानांतून गेली आणि जवळपास वीस वर्षं तिची कुणी आठवणही काढली नाही.

आज या अल्बमबद्दल कुठेही वाचायला गेलात तर एकच वाक्य भेटतं, 'अॅसिड हाऊसचा शोध एका भारतीयाने लावला!' आपली कॉलर ताठ करणारं वाक्य आहे, मान्य. मीही ते स्टेटसला ठेवलं होतं. पण गेले दोन महिने ही दहा गाणी उलटसुलट ऐकल्यावर मला वाटतंय की हे कौतुक चुकीच्या जागी चाललंय. अल्बम भारी आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे.

पडद्यामागचा माणूस

चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. गिटार, बेस गिटार, की-बोर्ड, जे लागेल ते. शंकर-जयकिशन, एस. डी. आणि आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्यांकडे त्यांनी वाजवलं. तुमच्या बाबांच्या आवडत्या गाण्यांपैकी एखाद्यात त्यांची बोटं असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त ते कुठे लिहिलेलं सापडणार नाही. त्या काळच्या रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावं यायची. मागे बसलेले पन्नास-साठ जण म्हणजे 'ऑर्केस्ट्रा'. त्यात गोव्याचे व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले होते, पारशी होते, पंजाबी होते, मराठी होते. अँथनी गोन्साल्विस हे नाव आपल्याला अमिताभ बच्चनच्या गाण्यामुळे पाठ आहे. ते गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि प्यारेलाल यांचे गुरू, हे किती जणांना माहीत असतं?

स्टुडिओबाहेर सिंग यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नसमारंभात ते सिनेमाची गाणी वाजवायचे. शिवाय सिनेमातल्या चाली नुसत्या वाद्यावर वाजवलेल्या एलपी त्या काळी निघायच्या. पुण्याचे इनॉक डॅनियल्स अकॉर्डियनवर, व्हॅन शिप्ली इलेक्ट्रिक गिटारवर. सिंग यांच्याही अशा रेकॉर्ड आल्या. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने हे सगळं नेहमीचंच होतं, एक वादक, एक वाद्य, ओळखीच्या चाली. फरक इतकाच की या खेपेला सिंग यांनी ओळखीच्या चाली बाजूला ठेवल्या.

१९८२ कसं होतं ते आठवा (म्हणजे आई-बाबांना विचारा!). १९८० मध्ये 'कुर्बानी' आला, १९८१ मध्ये नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने', १९८२च्या शेवटी 'डिस्को डान्सर'. जिकडेतिकडे डिस्को. सिंग यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं त्याचा आशय असा की, सगळीकडे डिस्को चाललंच आहे तर वेगळं काहीतरी करावं, राग घ्यावेत, तबला बंद ठेवावा आणि खाली डिस्कोचा ठेका लावावा. बस्स. त्यामागे जाहीरनामा नव्हता, क्रांतीची भाषा नव्हती. कामातून वेळ काढून केलेला हा एका कसबी वादकाचा प्रयोग होता.

तीन यंत्रं आणि एक घसरगुंडी

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, सोपं आहे.

सिंग यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती. टीआर-८०८ हे ड्रम मशीन, ज्याचा 'धप्प' आवाज आजच्या हिप-हॉपमध्ये तुम्ही रोज ऐकता. ज्युपिटर-८ हा मोठा, महागडा सिंथेसायझर. आणि टीबी-३०३ नावाची छोटी रुपेरी पेटी. आज लॅपटॉपवर सगळी वाद्यं एका क्लिकवर एकमेकांशी जुळतात, पण ते शक्य करणारी 'मिडी' ही पद्धत बाजारात आली १९८३ मध्ये. सिंग यांनी ही यंत्रं त्याआधीच एका ठेक्यात बांधली होती.

गोष्टीचा हिरो आहे ती रुपेरी पेटी. तादाओ किकुमोतो या इंजिनिअरने ती बनवली, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला सोबत म्हणून. बेस वाजवणारा माणूस नसेल तर ही पेटी बेस वाजवेल, अशी कल्पना. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच यायचा नाही, आणि तिच्यात सूर भरणं म्हणजे डोकेदुखी. सूर वेगळे भरायचे, त्यांचा काळ वेगळा भरायचा. गिटारवाल्यांनी पाठ फिरवली. साधारण दहा हजार पेट्या बनवून १९८४ मध्ये कंपनीने ती बंद केली. गंमत बघा, बेस वादकाची जागा घ्यायला आलेलं हे फसलेलं यंत्र मुंबईत आलं ते एका बेस वादकाच्या हातात.

या पेटीत 'स्लाइड' नावाची एक सोय आहे. एखाद्या सुराला ती लावली की आवाज पुढच्या सुरावर उडी न मारता घसरत जातो. बेस वाजवणारा तारेवर बोट घसरवतो, त्याची ही नक्कल. जपानच्या इंजिनिअरच्या डोक्यात एवढंच होतं. पण सूर तोडायचा नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, याला आपल्याकडे काय म्हणतात? मींड. कोणत्याही गाण्याच्या क्लासमध्ये सुरुवातीलाच कानावर पडणारा शब्द.

दुसरी गोष्ट. पाश्चात्त्य पॉपमध्ये कॉर्ड बदलतात, गाणं या घरातून त्या घरात जातं. रागात षड्ज एकदा लागला की लागला. तानपुरा तिथेच गुंजत राहतो आणि सगळा प्रवास त्याच्याभोवती होतो. ३०३च्या पेटीलाही हेच आवडतं, सुरांचा एक छोटा तुकडा दिला की ती तोच फिरवत बसते. त्यात या दहा रागांपैकी भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार तर पाचच सुरांचे. कमी सूर, एकच केंद्र, फिरत राहणारा तुकडा. जे यंत्र गिटारवाल्यांना निकामी वाटलं, ते रागाच्या वाटेवर बरोबर बसलं.

मला विचाराल तर अल्बमचा खरा शोध हाच आहे. बप्पीदांच्या डिस्कोत व्हायोलिनचे ताफे होते, ब्रास होतं, गायक होता, वर हिरो नाचत होता. सिंग यांनी ते सगळं काढून टाकलं. खाली चारही मात्रांवर ८०८चा ठोका, मध्ये ३०३ची घसरणारी ओळ, वर ज्युपिटरवर राग. एवढ्या कमी सामानात!

मग शिकागोचं काय?

'अॅसिड हाऊस' हा नाचायच्या संगीताचा प्रकार शिकागोत जन्मला. तिथे १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानात डिस्को रेकॉर्डचा ढीग चक्क स्फोटाने उडवण्यात आला होता. डिस्कोचा राग येणारे रेडिओवाले आणि त्यांचे श्रोते होते ते. (म्हणजे आपल्याकडे डिस्को डोक्यावर घेतला जात होता, तेव्हा तिकडे त्याचे अंत्यसंस्कार होऊन गेले होते.) पण शहरातल्या कृष्णवर्णीय आणि गे क्लबांनी तो ठेका सोडला नाही, आणि त्यातूनच हाऊस संगीत उभं राहिलं. बंद पडलेली ३०३ तेव्हा सेकंड हँड बाजारात स्वस्तात मिळायची. फ्यूचर नावाच्या तिघांच्या गटाने ती घेतली, तिची बटणं वाटेल तशी फिरवली, आणि जो चिरकणारा, ओला आवाज आला त्यावर 'अॅसिड ट्रॅक्स' केलं. ते प्रसिद्ध झालं १९८७ मध्ये.

तारखा बघितल्या तर मुंबई चार-पाच वर्षं पुढे आहे. म्हणूनच हा अल्बम पुन्हा बाहेर आला तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. हा अफेक्स ट्विनसारख्या एखाद्या खोडकर संगीतकाराचा बनाव असावा, अशीही शंका घेतली गेली.

पण आधी करणं वेगळं आणि शोध लावणं वेगळं. शिकागोच्या मुलांपर्यंत ही एलपी पोचली होती, याचा कुठलाही पुरावा नाही. मुंबईतच जी खपली नाही ती तिथे कशी पोचणार? शिवाय दोन्हीकडे काय चाललंय ते नीट ऐका. शिकागोत बटणं फिरवणं हेच गाणं आहे, सूर नावापुरते. सिंग यांच्याकडे पेटी सोबतीला आहे आणि गाणं म्हणजे राग. सारखी होती ती यंत्रं आणि तो ठेका. एकच यंत्र दोन शहरांत गेलं. एका शहराने त्यातून नवा आवाज काढला, दुसऱ्याने त्यात आपली मींड ओळखली.

'आम्ही पहिले' म्हणण्याच्या नादात आपण हे दुसरं विसरतो. आणि त्यात एक खोच आहे. शिकागोची फूटपट्टी लावली तरच अल्बम मोठा ठरतो, नाहीतर नाही, असं आपण नकळत कबूल करून टाकतो.

आजीची परीक्षा

मग फूटपट्टी कुठली लावायची? आमच्या घरी एक आहे. माझी आजी. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देऊन नंतर संसारात गाणं सुटलेली, पण कान अजून शाबूत. एका रविवारी डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये मी तिला स्पीकरवर अख्खा अल्बम ऐकवला. रागांची नावं सांगितली नाहीत.

भैरवावर तिने कपाळाला आठ्या घातल्या. 'अगं, हे काय गिरणी चालू केल्यासारखं?' ललत मात्र तिने तीस सेकंदांत ओळखला, कारण दोन्ही मध्यम. मग तिची चौकशी सुरू झाली. ताल कुठला? मी म्हटलं, डिस्को. 'म्हणजे सम कुठे?' तिचा प्रश्न अगदी रास्त होता. चारही ठोके सारखेच वजनदार, मग फिरून यायचं ते कुठे? तबला काढल्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

पुढचा आक्षेप अजून मोठा. 'भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच पाच,' ती म्हणाली. 'मग दोन राग कसे झाले? भूपात गंधारावर थांबतात, देशकारात धैवतावर. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत गं. कुठे थांबायचं तेही असतं. हा गृहस्थ थांबतच नाही.' त्यात की-बोर्डचे सूर ठरलेल्या जागी बसवलेले. भैरवातला रिषभ गळ्यातून कसा हलतो आणि पट्टीवर कसा येतो, हे तिने मला गाऊन दाखवलं. फरक मलाही कळला.

म्हणजे अल्बम नापास? थांबा. हाच आक्षेप एकेकाळी आपल्या पेटीवर, हार्मोनियमवर घेतला गेला होता. परदेशी वाद्य, सूर ठरलेले, मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. मधल्या काळात महाराष्ट्रात ना संगीत नाटक पेटीशिवाय उभं राहिलं, ना भजन, ना मैफल. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला केवढी प्रतिष्ठा मिळवून दिली, ते आजीच सांगत होती. मी म्हटलं, 'मग सिंथेसायझरला एक चान्स द्यायला काय हरकत आहे?' ती काही बोलली नाही.

पण मधुवंती चालू असताना तिचा हात उचलला गेला. खालची ओळ घसरत वर गेली, तसा हवेत तिचा हातही गेला. गायला बसल्यावर जातो ना, तसा. 'ही बघ, मींड.' मग लगेच, 'पण बाकी गिरणीच.'

आजीचा निकाल मला बराचसा पटतो. अल्बम सलग ऐकलात तर सहाव्या-सातव्या रागाला कान थकतो. ठेका जवळपास एकाच चालीचा. मेघमल्हाराला पावसाचं वजन नाही, यमन घाईत उरकल्यासारखा वाटतो. आलापाला जागाच नाही. हे सगळं मान्य करूनही भैरव, ललत, मधुवंती आणि बैरागी मी पुन्हा पुन्हा लावते. कारण तिथे यंत्र आणि राग एकमेकांची थट्टा करत नाहीत. फ्यूजनच्या नावाखाली खाली ड्रम बडवून वर सतार शिंपडतात ना, तसं इथे नाही.

हरवली कशी, सापडली कशी

१९८३ मधल्या दुकानदाराच्या जागी उभे राहा. ही एलपी कुठल्या खणात ठेवाल? शास्त्रीयच्या खणात ठेवली तर रसिक भडकणार. डिस्कोच्या खणात ठेवली तर तोडी कोण विकत घेणार? सिनेमाचं गाणं नाही, गायक नाही, नट नाही. त्यातच कॅसेटचा जमाना आला आणि एलपीच मागे पडली.

२००२ मध्ये एडो बाउमन हा डच रेकॉर्ड संग्राहक दिल्लीच्या एका दुकानात जुन्या रेकॉर्ड चाळत होता. त्याला ही सापडली. नंतर त्याने सिंग यांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर अल्बम पुन्हा काढला. जग चक्रावलं. सिंग तेव्हा सत्तरीत होते. पुढच्या काही वर्षांत त्यांनी परदेशातल्या मंचांवर हेच राग पुन्हा वाजवले, आपल्या नातवंडांच्या वयाच्या पोरांसमोर. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. आयुष्यभर ज्यांचं नाव कव्हरच्या मागच्या बाजूलाही येत नसे, त्यांच्यावर परदेशातल्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले.

चांगला शेवट आहे. पण मला यात एक गोष्ट टोचते. ती रेकॉर्ड आपल्याकडे होती. आपल्याच दुकानात, कुणाच्या तरी कपाटात. ती उचलून बघायला परक्या देशातून माणूस यावा लागला.

मी कुणाला बोलणार? आजोबांच्या एलपी आमच्या घरात दोन खोके भरून होत्या. २०१६ मध्ये काळा घोड्याचं 'रिदम हाऊस' बंद झालं, त्याच्या आसपासच आम्ही घर रंगवायला काढलं आणि ते खोके भंगारवाल्याला दिले. किलोवर. मी तेव्हा शाळेत होते, खोके खाली उतरवायला मीच मदत केली. त्यात काय काय होतं हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. आजीला फक्त भीमसेन जोशी आणि 'गीतरामायण' आठवतंय.

ऐकायचा कसा?

अल्बम सलग लावू नका, एवढंच माझं म्हणणं. रागांना वेळ असते, ती वापरा. रेकॉर्डवरचा क्रम घड्याळाप्रमाणे नाही, तो तुम्ही लावून घ्या. पहाटे अभ्यासाला उठलात तर ललत, मग भैरव. सकाळच्या लोकलमध्ये बैरागी किंवा तोडी. दुपार कलताना मधुवंती. परतीच्या गर्दीत भूपाळी, नाहीतर यमन. रात्री कलावती, आणि सगळे झोपल्यावर मालकंस. मेघमल्हार जुलैसाठी राखून ठेवा. एका वेळी एकच राग, पाच मिनिटं. फोनच्या स्पीकरवर मात्र नको, कारण ३०३ची घसरगुंडी त्यात ऐकूच येत नाही.

घरात गाणं शिकलेलं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा. शिव्या खाव्या लागतील, पण रागाबद्दल जे ऐकायला मिळेल ते कुठल्याच रीलमध्ये मिळणार नाही.

आणि या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एखादं जुनं खोकं सापडलं तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी प्रत्येक कव्हर उलटून बघा. मागची बाजू, बारीक अक्षरातली नावंसुद्धा. काय सापडलं ते आम्हालाही कळवा.